परतीची वायर

सप्टेंबर सरता सरता जपानातल्या त्सुकुबात एक सकाळ अशी येते, की सायकलवरून जाताना पाय आपोआप थांबतात. फूल कुठंच दिसत नसतं, पण रस्ताभर वास असतो. पिकलेल्या जर्दाळूचा, थोडा अंगाच्या साबणाचा. कुणाच्या तरी कुंपणाआड किनमोकुसेईचं झाड फुललेलं असतं. त्याची फुलं इतकी बारीक आणि केशरी, की हुडकून काढली तरी हा सगळा दंगा यांनी केलाय हे खरं वाटत नाही. ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांना तेवढाच विषय असतो. 'आला ना आज?' असं एकमेकांना विचारतात, पाहुणा आल्यासारखं. मी मान हलवते आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसते. मला त्या वासापाठोपाठ ब्रेक ऑइलचा वास येतो, आणि मग आठवडाभर मी घरात कुणाशी धड बोलत नाही.

त्या वर्षी हा वास सुटला त्याच आठवड्यात नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे. मिरजेत त्यांनी सगळं आयुष्य घरांची वायरिंग करण्यात घालवलं. लाकडी पट्टीवरची वायरिंग, मग पाइपातली, मग भिंतीआडची. मिरजेतली निम्मी घरं मी उजळलीत असं ते म्हणायचे आणि उरलेली निम्मी कुणी बिघडवली त्यांची नावंही सांगायचे. त्या उन्हाळ्यात माई गेल्या, माझ्या सासूबाई. दोन खोल्यांचं घर आणि त्यात एकटे नाना. माझा नवरा संदीप त्यांचा एकुलता एक मुलगा. तो जाऊन त्यांना घेऊन आला. व्हिसा तीन महिन्यांचा होता, नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना मिळतो तो. आईवडलांना इथं कायमचं ठेवून घ्यायची सोय आमच्यासारख्यांना नाही. डिसेंबरात नानांनी परत जायचं, हे ते विमानातून उतरायच्या आधीच ठरलेलं होतं. ठरलेलं असल्यामुळे त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, हेही आमच्या घरात न सांगता ठरून गेलं.

आणि माझी गाडी होती. संदीप तिला 'तुझा डोहाळा' म्हणायचा. मी धातूंच्या गंजावर संशोधन करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकातून लोखंड सडताना बघते. एक तरी लोखंडी वस्तू आपल्या हातानं उभी राहिलेली बघावी असं फार वर्षं मनात होतं. परदेशातून खोक्यांतून सुटे भाग मागवून घरी जोडायची छोटी गाडी असते, दोघांपुरती, टप नसलेली. ती मी घेतली होती. गावाकडेला भातशेतीला लागून इनोउए-सान नावाच्या आजींची जुनी शेड होती, ती भाड्यानं घेतली. नाना आले तेव्हा चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, उभी होती, इंजिन बसलं होतं, चाकं लागली होती. राहिल्या होत्या तिच्या शिरा आणि नसा. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी, रेडिएटरचे पाइप आणि सगळी वायरिंग. मला त्याचाच धसका होता, म्हणून ते काम वर्षभर तसंच पडून होतं.

नानांना पहिल्यांदा शेडमध्ये नेलं तो रविवार डोळ्यांसमोर आहे. भात कापून झालं होतं. खाचरांमध्ये पेंढा जळत होता आणि धूर जमिनीलगत पसरला होता. नाना हात मागं बांधून गाडीभोवती एक चक्कर मारून आले, खाली वाकून बघितलं, आणि म्हणाले, "वायरिंग कोण करणार हिचं?"

"मीच करणार नाना. पण भीती वाटते."

"भीती वाटणारच की. भीती वाटत नाही त्यानं करूच नये." मग स्वेटरच्या बाह्या वर सारत म्हणाले, "टेस्टर आहे का? असू दे, माझा आणलाय मी." खरंच त्यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर होता. मिरजेहून जपानपर्यंत विमानाच्या सगळ्या तपासण्या चुकवून तो कसा आला ते त्यांनाच ठाऊक.

तिथून पुढं आमचं सुरू झालं. संदीप टोकियोला नोकरीला, शनिवारीसुद्धा त्याचे कॉल. शनिवार-रविवार मी आणि नाना शेडमध्ये असायचो. मधल्या दिवसांत ते एकटे चालत जायचे. इनोउए-सान त्यांना कुलूप काढून द्यायच्या. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. आजी जपानीत हवामानाबद्दल बोलायच्या, नाना मराठीत महागाईबद्दल, आणि दोघं माना डोलवायचे. आजींनी दिलेले पर्सिमॉन, टोमॅटोसारखी केशरी फळं, शेडच्या खिडकीत रांगेनं ठेवलेले असायचे. जेवायला मी कोन्बिनीतून, कोपऱ्यावरच्या दुकानातून, ओनिगिरी आणायची, भाताचे त्रिकोणी गोळे. नाना त्यांना भाताचे समोसे म्हणायचे. "समोसा गार, बटाटा नाही, आणि वर काळा कागद गुंडाळलेला," असं म्हणत म्हणत दोन संपवायचे.

आधी नळ्या घेतल्या. ब्रेकची नळी तांब्याच्या जातीची, पेन्सिलीहून बारीक. ती पुढच्या सिलिंडरपासून निघून चासीच्या कडेकडेनं मागच्या चाकांपर्यंत न्यायची. मला वाटलं होतं यंत्रानं माप घेऊन वाकवावी लागेल. नानांनी आधी एक साधी तार घेतली, ती चासीवर धरून हवी तशी वळवली, मग ती तार टेबलावर ठेवून तिच्याबरहुकूम नळी गुडघ्यावर वाकवली. घाई केली की नळी चेपते. ती वळत असताना नाना श्वास रोखून धरायचे आणि वळली की सोडायचे. वळणं सुरेख आली, पण आमचं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. नानांना नळी ओळंब्यात हवी. आयुष्यभर भिंतीवर दोरी मारून सरळ रेघा काढलेला माणूस. त्यांना तिरकं काही बघवायचं नाही. आणि गाडीत तर एक बाजू दुसरीला धड समांतर नसते. "कुणी बांधलंय हे," असं ते वैतागून विचारायचे, "गवंडी प्यायलेला होता काय?" मी म्हणायची, "नाना, मीच बांधलंय." मग पुन्हा एकदा खाली वाकून बघायचे. "तसं वाईट नाही," एवढं म्हणून परत कामाला लागायचे.

नळीच्या टोकाला तोंड पसरवून नट बसवायचा असतो. ते तोंड जरा वाकडं गेलं तर तिथून ब्रेक ऑइल पाझरतं, आणि पाझरलं की तुम्ही पाय दाबता आणि गाडी थांबत नाही. पहिली चार-पाच तोंडं माझ्या हातून फुटली. कापून टाकलेले ते तुकडे नाना गोळा करून ठेवायचे, धातूच्या कचऱ्याच्या वारी टाकायला. कचरा वेगळा करायची इथली पद्धत त्यांना मनापासून पटली होती. माईंना आवडलं असतं, असं एकदा म्हणाले. माईंचं नाव त्या तीन महिन्यांत त्यांनी तेवढ्यापुरतंच घेतलं. मी वर बघितलं तर ते नळीच्या टोकातून आरपार बघत होते, आत कचरा राहिलाय का ते.

दिवस भराभर लहान होत गेले. मिरजेत दिवस इतका आखडत नाही, त्यामुळे नानांना ते फार लागलं. दुपारचा चहा झाला न झाला की बाहेर करडं व्हायचं. मग गावातल्या भोंग्यांवर रोजची धून वाजायची, संथ, शाळेच्या पेटीवर वाजवल्यासारखी.

"हे रोज कशाला वाजवतात गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून."

"आणि म्हाताऱ्यांनी?"

मी हसले. ते हसले नाहीत. पाने पुसून पेटीत भरू लागले. पेटीत प्रत्येक पान्याची जागा ठरलेली होती आणि त्या ठिकाणी तोच पाना जायचा. घरी मात्र आमचं दुसरंच चाललं होतं. संदीप रोज रात्री जेवताना मिरजेची व्यवस्था लावत होता. पोळ्यांना बाई ठरवली, शेजारच्यांकडे किल्ली दिली, गॅसवाल्याला सांगितलं. चांगला मुलगा आहे तो, वडलांसाठी जे जे फोनवरून करता येतं ते सगळं त्यानं केलं. "नाना, बाई दोन वेळा येईल, चालेल ना?" असं विचारायचा. नाना म्हणायचे, "बरं." आणि आमटी वाढून घ्यायचे.

मी गुपचूप व्हिसाच्या कचेरीत जाऊन आले होते. सुट्टी काढून, सगळी कागदं घेऊन, पाठ केलेलं जपानी घेऊन. काउंटरपलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या, आणि कमरेत वाकून माफी मागत म्हणाल्या की हे नियमात बसत नाही. पुन्हा एकदा गेले, तेव्हा दुसरे गृहस्थ होते, तेही तितकेच वाकले. कुणी खेकसलं असतं तर भांडता तरी आलं असतं. बाहेर आले तर रस्त्याकडेच्या गिंकोच्या झाडांची पिवळी पानं नळ सोडल्यासारखी गळत होती, आणि मला कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं, पण कोणाच्या ते कळत नव्हतं. घरी काही बोलले नाही. संदीपला उगीच आशा लागेल असं वाटलं आणि नानांना तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं.

वायरिंगला हात घातला तेव्हा शेडमध्ये रॉकेलची शेगडी लागायला लागली होती. वर किटली, किटलीची वाफ, आणि रॉकेलचा तो जुना वास. त्या वासानं नाना खुलायचे. रेशनच्या रांगेच्या गोष्टी सांगायचे. खरी गंमत मात्र वायरींची झाली. गाडीत दिव्याला एकच वायर जाते. परत यायला वेगळी वायर लागत नाही, कारण गाडीचं लोखंडी अंगच परतीचा रस्ता असतं. दिव्याचं दुसरं टोक चासीला टेकवलं की झालं. हे मी नानांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी येऊन बघते तर नानांनी एकट्यानं मागची सगळी वायरिंग ओढून ठेवलेली, आणि प्रत्येक दिव्याला दोन-दोन वायरी. एक लाल, एक काळी. फेज आणि न्यूट्रल. घरात करतात तशी. वायरींचा जुडगा मनगटाएवढा झाला होता आणि चासीच्या भोकातून जात नव्हता.

"नाना, मी सांगितलं होतं ना, काळी लागत नाही म्हणून. बॉडीतूनच करंट परत येतो."

"ऐकलं की मी. कळलंही. पण हात धजेना." ते शेगडीजवळच्या स्टुलावर बसले. "बघ, जन्मभर एकच काम केलं मी. लोखंडाच्या अंगात करंट येऊ द्यायचा नाही. फ्रिज असो, पंखा असो, पत्र्याचं कपाट असो. बाई ओल्या हातानं दार उघडते, पोरं शिवतात. आणि तू म्हणतेस, मुद्दाम अंगातून जाऊ दे."

"बारा व्होल्ट आहे नाना. काही होत नाही."

"ते डोक्याला कळतं गं." त्यांनी किटलीचं झाकण सारखं केलं. "आणि गेलेल्याला परत यायला त्याची स्वतःची वाट असली की बरं असतं. दुसऱ्याच्या अंगावरनं कशाला यायचं."

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असं काही करू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. वजन वाढतं, जागा जाते, बिघाड शोधायला त्रास होतो. सगळं खरं. मी ड्रिल घेतलं आणि चासीची भोकं मोठी केली. नाना टॉर्च धरून उभे राहिले. भोकांच्या कडा कानशीनं घासून, रबर बसवून आम्ही तो जाडजूड जुडगा आत सारला. आजही गाडीतल्या प्रत्येक दिव्याला परतीची वायर आहे. पुढं नंबर मिळवण्यासाठी गाडी तपासायला नेली तेव्हा तपासनीस बराच वेळ त्या जुडग्याकडे बघत होता. 'फारच काळजीपूर्वक केलंय,' एवढंच म्हणाला.

त्या महिन्यातल्या दुपारी मला एकेक करून आठवत नाहीत, सगळ्या मिळून एकच लांब दुपार झाली आहे. लग नावाच्या धातूच्या टोपीत वायरीचं टोक घालून नाना पक्कड दाबतात, मग टोक ओढून बघतात, निघत नाही ना. चष्मा कपाळावर, दातात टेपचा तुकडा. मी चासीखाली, पाठीखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यातून वर येणारा जमिनीचा गारठा. डोळ्यांवर पडणारी धूळ. खिडकीतले पर्सिमॉन मऊ पडत चाललेले. बाहेर कावळे. कधी तासभर कुणी एक शब्द बोलत नाही, आणि ते बरं वाटतं. माझे वडील मी लहान असताना गेले. वडील माणसाबरोबर गप्प बसून काम करायचं असतं, त्यात एक सुख असतं, हे मला माहीतच नव्हतं. माहीत झालं तेव्हा कॅलेंडरवर त्यांचं विमान लागलेलं होतं. नाना पुढच्या सप्टेंबरात, गणपतीच्या आधी, मिरजेत वारले. झोपेतच. सकाळी पोळ्यांच्या बाईनं कडी वाजवली आणि दार उघडलं नाही. त्याआधी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल व्हायचा. 'कसे आहात' म्हटलं की 'बरा आहे' म्हणायचे आणि लगेच, "ब्रेक लागतोय का गं नीट?"

ब्रेक नीट लागतो. त्या ब्रेकचं काम संपवलं, ती आमची शेडमधली शेवटची दुपार.

ब्रेकच्या नळ्यांत ऑइल भरलं की आत हवा राहते, ती काढावी लागते. हवा राहिली तर पाय नुसता खाली जातो, गाडी थांबत नाही. हे काम एकट्याला होत नाही. एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन तिथला छोटा नट उघडायचा. बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर येतं. नट बंद करायचा, मगच पेडलवरचा पाय काढायचा. नट उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत जाते आणि सगळं मुसळ केरात. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आमचं विमानतळावर जाणं दोन दिवसांवर आलं होतं. नानांनी हट्टच धरला होता, काम अर्धवट टाकून मी जाणार नाही, उघडी टोकं सोडून कुणाच्या घरातनं मी कधी निघालो नाही.

गाडीत अजून सीट नव्हती. घडी घातलेल्या रजईवर नाना बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, स्वेटरवर कोट, कोटावर मफलर. मी मागच्या डाव्या चाकाखाली. तिथून मला त्यांचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनाही मी दिसत नव्हते.

"दाबा नाना."

"दाबलं."

पाना फिरवला. पारदर्शक नळीतून पिवळसर ऑइल आणि बुडबुड्यांची माळ बाटलीत उतरू लागली. पेडल खाली जातानाचा आवाज ऐकू आला. आणि वरून नानांचा आवाज आला. कामाच्या वेळी असायचा तसाच, शांत.

"मेधा, मला जावंसं वाटेना गं."

बुडबुडे बाटलीत उतरत राहिले.

"तिकडं गेलं की कुलूप मीच लावायचं, मीच काढायचं. आत कोण नाही. बाई पोळ्या करून जाईल. त्या खायच्या. आणि मग काय करायचं?" जरा थांबून म्हणाले, "इथं एका कोपऱ्यात पडलो असतो. तुमच्यात मधेमधे केलं नसतं."

नट उघडा होता. माझ्या हातातून ऑइल मनगटावर ओघळत होतं. मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं आणि उठता येत नव्हतं.

"पाय काढू नका नाना," मी म्हटलं.

"नाही काढत."

मी नट बंद केला. नीट आवळला. मग चाकाखालून बाहेर आले आणि दुसऱ्या बाजूनं त्यांच्या शेजारी जाऊन चासीच्या नुसत्या पत्र्यावर बसले. दोघं समोर बघत होतो. समोर शेडची पत्र्याची भिंत.

"मी व्हिसाच्या कचेरीत गेले होते," मी सांगितलं. "दोनदा. नाही म्हणतात."

"माहितेय मला. त्या दिवशी घरात आलीस, तुझ्या तोंडावरनं कळलं." त्यांचा पाय अजून पेडलवर होता, तो त्यांनी हळूच काढला. "म्हणून तर कधी बोललो नाही. आज बोलून गेलो, त्याचं काही मनावर घेऊ नको. एकदा कुणापाशी तरी बोलायचं होतं."

मी रडले. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ऑइल भरताना माखलेला. मग म्हणाले, "संदीपला यातलं काही सांगू नको. त्याला वाटू दे, मी खुशीनं गेलो. त्यानं पोटासाठी इथं राहायचं की मागं बघत बसायचं?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडून ते नीट वदवून घेतलं. मग आम्ही उरलेली तीन चाकं केली. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट झालं. नानांनी ते तीन-चारदा दाबून बघितलं आणि म्हणाले, आता ठीक आहे.

काल संध्याकाळी संदीपला घ्यायला स्टेशनवर गेले होते. सायकली घेऊन आम्ही चालत येत होतो, तर वळणावर एकदम तो वास आला. संदीप थांबला. त्यानं खोल श्वास घेतला.

"नाना आले तेव्हा हाच वास होता ना?" तो म्हणाला. थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "पण ते इथं रमले नसते गं. शेवटी शेवटी तर आठवडाभर आधीच बॅग भरून बसले होते. घराची ओढ होती त्यांना. जाताना किती खुशीत होते, आठवतं?"

"हो," मी म्हटलं. "आठवतं."